माझं प्रथिन आणि अण्णांचा डेंग्यू

मी पोटापाण्यासाठी एका प्रथिनाच्या मागे लागलेली बाई आहे. हे वाक्य मी स्थळं बघण्याच्या काळात दोनदा वापरून पाहिलं. दोन्ही वेळा समोरच्यांनी विषय बंगळूरच्या हवेकडे नेला. बंगळुरात राहणाऱ्या मराठी मुलीला लोक एकच प्रश्न विचारतात, "कोणत्या कंपनीत?" आणि त्याचं उत्तर "डेंग्यूचा विषाणू पेशीत शिरल्यावर पेशीला ते कळतं कसं, हे बघते" असं आलं की त्यांचा चेहरा चुकीचा नंबर लागल्यासारखा होतो. नागपूरला माझ्या आईने यावर तोडगा काढला आहे. ती सांगते, "व्हायरसवर असते." ऐकणाऱ्याला वाटतं, अँटिव्हायरस. सगळे खूश.

प्रयोगशाळा इलेक्ट्रॉनिक सिटीत, काचेच्या मोठ्या इमारतींच्या मागे, एका गोदामासारख्या दिसणाऱ्या जागेत आहे. घर तिथून आनेकलच्या दिशेने बसने अर्ध्या तासावर. खाली मालक, वर मी. एजंटने "तुमचेच लोक आहेत, मराठी" म्हणून घर गळ्यात मारलं होतं. पहिल्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, "वरचं घर सरी आहे, नीर मात्र स्वल्प जपून वापर." मला त्यातलं 'वरचं घर' आणि 'जपून' तेवढं नक्की कळलं; सरी म्हणजे ठीक, नीर म्हणजे पाणी आणि स्वल्प म्हणजे जरासं, हे नंतर समजलं. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, त्यांच्या नवऱ्याला अण्णा. मीही तेच म्हणायला लागले. अण्णा सत्तरीचे, आयुष्यभर कारखान्यात फिटर. स्वतःच्या घराण्याविषयी त्यांचं एकच निवेदन होतं, "साडेतीनशे वर्षांपूर्वी आमची माणसं इथं कामाला आली. परत जायचं राहून गेलं."

माझं काम नीट ऐकून घेतलेला पहिला माणूस म्हणजे अण्णा. संध्याकाळी ते दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसत. एकदा मला थांबवून म्हणाले, "तू रोज करतेस काय तिथं?"

"एका प्रथिनाचा अभ्यास."

"प्रथिन म्हणजे डाळ," आतून अक्कांचा आवाज आला.

"डाळीतलं खायचं, अक्का. हे पेशीच्या आत काम करतं."

मग मी बैठक मारून सांगितलं. पेशीत आपले स्वतःचे संदेश फिरत असतात, त्यांना आरएनए म्हणतात. आपल्या संदेशाच्या एका टोकाला रासायनिक टोपी असते. विषाणू आत घुसून स्वतःच्या नकला काढायला लागला की त्या गडबडीत काही तुकडे बोडके राहतात आणि दुपदरी होतात. माझं प्रथिन असलं बोडकं टोक पकडतं. पकडलं की त्याचा आकार बदलतो आणि ते जाऊन दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटतं. ती दुसरी प्रथिनं एकमेकांना चिकटत लांब दोरे तयार करतात. या सगळ्या धावपळीच्या शेवटी पेशी धोक्याची घंटा वाजवते, म्हणजे इंटरफेरॉन नावाचं द्रव्य बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशींना कळतं की दारं लावून घ्यायची वेळ झाली.

अण्णांनी विचारलं, "आणि विषाणूनंच टोपी घातली तर?"

या प्रश्नापर्यंत पोचायला मला पीएचडीची दोन वर्षं लागली होती. "डेंग्यूचा घालतो," मी म्हणाले. "म्हणून तर नकला काढतानाच पकडावं लागतं. तेव्हा सगळ्यांना टोप्या घालून झालेल्या नसतात."

"आणि त्यानं घंटेची वायरच कापली तर?"

"तेही करतो. त्याच्याकडे कापायचं हत्यार असतं."

अण्णांनी मान डोलावली. "कामाचा माणूस आहे," ते म्हणाले. विषाणूबद्दल एवढ्या आदराने बोलणारा माणूस मी आमच्या प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता.

पावसाळा संपत आला होता तेव्हा मला ताप आला. साधासुधा नव्हे. डोळ्यांच्या मागे कुणीतरी अंगठे दाबून धरल्यासारखं दुखत होतं आणि बाथरूमपर्यंत जाणं हा एक प्रकल्प झाला होता. तपासणीत डेंग्यू निघाला. सर्जापूर रोडला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला मी फोन केला तर तो आधी पोट धरून हसला. "म्हणजे तू ज्याच्यावर काम करतेस त्यानेच तुझ्यावर काम केलं," तो म्हणाला, आणि एका तासात ॲपवरून किवींची पेटी, पपया आणि 'इम्युनिटी' असं लिहिलेल्या तीन बाटल्या पाठवल्या. त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळे त्यावरच बरे होतात म्हणे. त्या बाटलीत माझ्या प्रथिनाला उपयोगी पडेल असं काहीही नव्हतं. सुंठ होती. सुंठेने घसा बरा वाटला, एवढं श्रेय देते.

अंथरुणात पडल्या पडल्या मला एक गोष्ट पहिल्यांदा अंगाने कळली. वर्षानुवर्षं मी इंटरफेरॉनची पातळी वाढली की आनंदाने आलेख काढत होते. अंगदुखी, हुडहुडी, कणकण यातला बराचसा भाग विषाणू करत नाही, आपलं हेच द्रव्य आणि त्याची भावंडं करतात, हेही मी परीक्षेत लिहिलं होतं. पण स्वतःची हाडं दुखत असताना ते आठवणं वेगळं. माझ्या लाडक्या आलेखाने मला झोडपलं होतं.

तापात सुचतात तशी मला एक कल्पना सुचली. माझ्या अंगात या क्षणी तोच विषाणू आहे आणि तेच प्रथिन त्याला पकडतंय. एवढा ताजा नमुना आणि तो वाया जाणार? सकाळी रक्त घ्यायला आनेकलहून एक बाई यायच्या. त्यांना मी म्हटलं, "एक नळी जास्त घ्या."

"डॉक्टरांनी लिहिलंय का?"

"मीच डॉक्टर आहे," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. कशाची डॉक्टर, ते त्यांनी विचारलं नाही.

प्रयोगशाळेतला सहकारी दुपारी येऊन नळी घेऊन जाणार होता. तोवर ती थंड ठेवायला हवी होती, आणि माझा फ्रीज तीन आठवड्यांपूर्वीच बंद पडला होता. दुरुस्तीवाला रोज "नाळे" म्हणायचा, म्हणजे उद्या. त्याचा उद्या काही उगवला नव्हता. म्हणून मी नळी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी एका स्टीलच्या डब्यात ठेवली आणि भिंतीला धरून धरून खाली गेले. अक्का मागच्या अंगणात होत्या. त्यांच्या फ्रीजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी जागा होती. मी डबा ठेवला, वर आले आणि झोपून गेले.

सहकाऱ्याचा निरोप आला की उड्डाणपुलावर सगळं तुंबलंय, आज काही जमत नाही. मी तो वाचलाच नाही.

जाग आली ती दारावरच्या टकटकीने. अक्का उभ्या होत्या. त्यांच्या हातात सांडशी होती, सांडशीत डबा, डब्याला झाकण नव्हतं. हात जितका लांब करता येईल तितका त्यांनी केला होता.

"हे काय?"

"रक्त," मी म्हणाले.

"कुणाचं?"

"माझं."

"सरी," त्या म्हणाल्या. डबा माझ्या स्टुलावर ठेवला, सांडशीही तिथेच सोडली आणि खाली गेल्या. त्यानंतर तासभर खालून फ्रीज धुण्याचे आवाज येत होते. जाळ्या बाहेर काढल्या, आपटल्या, पाणी ओतलं. दोन दिवसांच्या इडल्यांचं पीठ मोरीत गेलं ते मी वरून ऐकलं.

संध्याकाळी अण्णा जिना चढून आले. दारातच उभे राहून म्हणाले, "तिनं चटणी पुडीचा डबा समजून उघडला."

"चुकलं माझं, अण्णा. डोकं ठिकाणावर नव्हतं."

"स्वल्प चुकलं," ते म्हणाले. "ती बोलणार नाही आता. चार दिवस, पाच दिवस. मला एकदा तीन आठवडे झाले होते." कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही.

अक्का खरंच बोलल्या नाहीत. पण सकाळ-दुपार दाराबाहेर तांदळाची गंजी, म्हणजे आपली पेज, आणि लिंबाचं लोणचं येऊन पडत होतं. भांडं ठेवल्याचा आवाज जरा जास्त मोठा असे. तेवढाच काय तो संवाद.

नळीचं काय झालं तेही सांगते. चार दिवसांनी मी बॉसबाईंना फोन करून मोठ्या फुशारकीने सांगितलं की माझा स्वतःचा नमुना आहे. त्या कन्नड, बोलायला मोजक्या. "परवानगी कुणाची घेतली?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"तू नैतिकता समिती नाहीस," त्या म्हणाल्या. "आणि चार दिवस ठेवलेल्या नळीतला आरएनए सडून गेला असणार, हे तुला मी सांगायचं? ती नीट पॅक करून कचऱ्याच्या रीतसर पिशवीत पाठव. आणि झोप." म्हणजे माझ्या या शास्त्रीय साहसातून विज्ञानाला शून्य मिळालं, आणि इडल्या गेल्या.

मी उठून हिंडायला लागले आणि साधारण दोन आठवड्यांनी अण्णांना ताप आला. पहिल्या दिवशी ते म्हणाले, सर्दी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना कट्ट्यावरून उठताना झोक गेला. मी रिक्षा बोलावली, अक्का एक पिशवी घेऊन मागे बसल्या, आणि आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी वय पाहिलं, रक्त पाहिलं आणि दाखल करून घेतलं. डेंग्यूच.

एका घरात दोन रुग्ण म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक आरोग्यसेविका घर तपासायला आली. हातात टॉर्च आणि वही. अक्का कपडे न्यायला घरी आल्या होत्या, त्याही होत्या. तिने पाण्याची टाकी पाहिली, कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या, मागचा टायर उलटा केला. काही नाही. अक्कांचं अंगण म्हणजे जेवायला बसावं असं. मग ती माझ्या घरात आली. मी तिला सांगितलं की मी याच विषयात काम करते, इथे काही सापडणार नाही. ती "हौदा, मॅडम," म्हणाली, म्हणजे "असं का," आणि गुडघ्यांवर बसून बंद फ्रीजच्या मागे टॉर्च मारला.

फ्रीजच्या मागे खाली एक ट्रे असतो. बर्फ वितळला की पाणी त्यात साठतं. माझा फ्रीज बंद पडताना सगळा बर्फ तिथे जाऊन बसला होता, आणि दुरुस्तीवाल्याच्या रोजच्या 'उद्या'मुळे ते पाणी कुणी हलवलं नव्हतं. तिने ट्रे ओढून काढला आणि टॉर्चच्या उजेडात धरला. पाण्यात बारीक काड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं.

ती अक्कांशी कन्नडमध्ये बोलली, बरंच बोलली. मला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. ट्रेमधलं पाणी बाहेरच्या मातीत ओतलं गेलं, वहीत नोंद झाली, ती गेली. अक्का माझ्याकडे वळल्या. नळीच्या दिवसानंतर त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलत होत्या.

"तू डेंग्यूचं शिकलीस किती वर्षं?"

"आठ."

"सरी," त्या म्हणाल्या आणि कपड्यांची पिशवी उचलली.

मला तेव्हा शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हिशेब लावायला काही शास्त्रज्ञ लागत नव्हता. मला चावलेल्या डासाच्या अंगात विषाणू पुढे पसरण्याजोगा व्हायला साधारण दहा दिवस लागतात, मग तो डास खालच्या मजल्यावर कट्ट्यावर बसलेल्या माणसाला चावतो. तोच डास, असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. मी आठ वर्षं दुसऱ्यांच्या शोधनिबंधांवर अशाच वाक्यांनी शंका घेत आले आहे. या वेळी ती शंका माझ्या काही उपयोगाची नव्हती.

दवाखान्यात अण्णांचा ताप उतरला. अक्कांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पपईच्या पानांचा रस काढून आणला होता, तो त्यांनी जवळजवळ विजयाने बाटलीतून बाहेर काढला. तेवढ्यात डॉक्टर आले आणि म्हणाले, खरी काळजी आता. ताप उतरल्यावरचे दोन दिवस जपायचे असतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त दाट होतं. हे मी स्वतः विद्यार्थ्यांना स्लाइडवर दाखवते. निळ्या बाणाने दाखवते. इथे बाण नव्हता, अण्णांचा सुजलेला हात होता आणि त्याला लावलेली सलाइन.

आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. अक्का म्हणाल्या, "ती तुझी घंटा. त्यांच्या अंगात आहे का नाही?"

"आहे. सगळ्यांच्या असते."

"वाजली?"

"वाजली. म्हणून तर ताप आला. आता ती थांबायला हवी."

"का? वाजू दे की."

"फार वेळ वाजत राहिली तर त्रास तिचाच होतो."

"मग थांबवतं कोण?"

"त्यालाही प्रथिनं आहेत."

"ती कुणी शिकलंय का?"

"आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक जण आहे," मी म्हणाले.

"त्याला बोलव," अक्का म्हणाल्या. हे त्या गंभीरपणे म्हणाल्या. तो दुसऱ्या मजल्यावरचा माणूस उंदरांच्या पेशींवर काम करतो आणि स्वतःच्या दुचाकीला सुद्धा घाबरतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही.

दुपारी त्या डुलकी घेत असताना मी आत गेले. अण्णा जागे होते. मी त्यांना ट्रेबद्दल सगळं सांगून टाकलं. फ्रीज, पाणी, अळ्या, डासाचा दहा दिवसांचा हिशेब.

अण्णा छताकडे बघत ऐकत होते. "किती होत्या?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"अळ्या."

"मोजल्या नाहीत."

"शास्त्रज्ञ ना तू?" ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं, मग खोकला आला, मग नर्स आली आणि तिने मला बाहेर काढलं.

दोन दिवस रक्ताचे आकडे वरखाली होत राहिले. सकाळ-संध्याकाळ कागद हातात आला की अक्का तो माझ्याकडे देत. मी वाचायची आणि "बरं आहे" किंवा "तसंच आहे" म्हणायची. एकदा आकडा वाईट होता तेव्हाही मी "तसंच आहे" म्हणाले. अक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कागद घडी करून कमरेला खोचला. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही म्हणून ते चिडले. चिडलेले बघून डॉक्टर म्हणाले, उद्या घरी.

घरी आल्यावर महिनाभर ते कट्ट्यावर शाल घेऊन बसायचे. अक्का माझ्याशी बोलायला लागल्या, पण दर शनिवारी टॉर्च घेऊन माझं घर तपासायलाही लागल्या. मी आपली बाजूला उभी राहायची. अंगात बळ आल्यावर अण्णा एक दिवस म्हणाले, "आता ते दाखव मला."

"काय?"

"तुझं काम. सारखं ऐकतोय."

मी बॉसबाईंना विचारलं. मला वाटलं नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "मेलेला नमुना, सूक्ष्मदर्शकाची खोली, दुसरीकडे कुठे नाही. चहाच्या वेळेला आण." मग दोघंही आले. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, अक्कांनी रेशमी साडी, जणू कुणाचा साखरपुडा.

त्या पेशींमध्ये आम्ही एक सोय केलेली असते. इंटरफेरॉनचं बटण दाबलं गेलं की पेशी हिरवी चमकते. अंधाऱ्या खोलीत मी काच सरकवून फोकस लावला आणि अण्णांना स्टूल दिलं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, परत काढला.

"हिरवे दिसतात ते वाजलेले?"

"हो."

"आणि बाकी हे सगळे काळे?"

"तेही पेशीच आहेत. विषाणू त्यांतल्याही पुष्कळांच्या आत आहे."

"मग हे का नाही वाजवत?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "एकाच बशीतल्या, एकसारख्या पेशी. मोजक्याच वाजवतात. का, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही."

अण्णांनी डोळा न काढता मान हलवली. हे उत्तर त्यांना पसंत पडलेलं दिसलं. कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यात काही नवल वाटलं नसावं.

मग अक्का बसल्या. त्यांनी पाहिलं, "एवढंच?" म्हणाल्या आणि उठल्या. दोन पावलं गेल्यावर परत येऊन बसल्या. या वेळी बराच वेळ बघत होत्या. उठल्यावर त्यांनी विचारलं की इथल्या काचा कोण धुतं, आणि सिंकच्या कडेचं पांढरं निघालेलं नाही.

बाहेर बॉसबाईंनी कॉफी ठेवली होती. त्या आनेकलच्या पलीकडच्या गावच्या निघाल्या, अक्कांच्या माहेरापासून दोन कोसांवर. मग कन्नडमध्ये, ओळखीच्या शब्दांवरून मला कळलं तेवढं, जत्रेचा रथ, कुणाची तरी थोरली सून आणि फणसाचं झाड अशा गोष्टी सुरू झाल्या. वर्षभरात बॉसबाई माझ्याशी जेवढं बोलल्या नव्हत्या तेवढं त्या अर्ध्या तासात बोलल्या. अधूनमधून दोघी माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा बोलायला लागायच्या. अण्णा ते ऐकून गालात हसत होते, पण मला काही भाषांतर करून देईनात. मी कप गोळा करून धुवायला घेतले.